सळई वर बांधली, पण स्लॅबमध्ये ती कुठे आहे? घरबांधणीतील या चुका टाळा

कोल्हापुरात गेली बावीस वर्षे मी इमारतींचे स्ट्रक्चरल डिझाइन करतो आहे. या काळात माझ्यासमोर आलेल्या बहुतेक दोषांचा उगम गणितात नव्हता. गणित आता संगणक करून देतो आणि त्याला दिलेली माहिती बरोबर असेल तर तो सहसा चुकत नाही. दोष शिरतो तो सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्याच्या वेळी, जेव्हा ड्रॉइंग काढणारा आपल्या कार्यालयात असतो आणि साइटवर मुकादमाचा शब्द अखेरचा असतो.

सर्वांत आधी बाल्कनी, कारण या एका चुकीने मला दिलेला मनस्ताप दुसऱ्या कशानेही दिलेला नाही. साध्या स्लॅबला दोन्ही बाजूंनी आधार असतो, तो मध्यभागी खाली वाकतो आणि ताण तळाला येतो, म्हणून त्याची मुख्य सळई तळाशी असते. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असल्याने तिथे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळईही वरच लागते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्गापासून हे सर्वांना पाठ असते, आणि तरीही ती सळई वर राहत नाही.

काही वर्षांपूर्वी फुलेवाडीच्या बाजूला एका दुमजली घराचे काम होते. बाल्कनी पाच फुटांची, जाडी १५० मिलिमीटर, वर १० मिलिमीटरच्या सळ्या. आदल्या संध्याकाळी मी सळई तपासली, ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला काम असल्यामुळे मी स्लॅबला गेलो नाही. रात्री मालकांचा फोन आला की स्लॅब उत्तम पडला आणि कामगारांना मटणाचे जेवणही झाले. टेकू काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांचाच पुन्हा फोन आला: बाल्कनीच्या दारालगत, भिंतीला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारखी चीर दिसत होती. ती प्लास्टरची चीर आहे असे सांगून गवंड्याने वरून सिमेंटचे पाणी फिरवले होते. प्लास्टर तेव्हा व्हायचे होते.

मी गेल्या गेल्या टेकू परत लावून घेतले आणि चिरेजवळ वीतभर जागा छिन्नीने फोडायला सांगितली. सळई वरून २० मिलिमीटरवर लागायला हवी होती. ४० झाले, ६० झाले, तरी सळई नाही. ती सापडली ८० मिलिमीटरवर. काँक्रीट वर चढवणारी लिफ्ट बाल्कनीच्या बाजूला लावलेली होती आणि घमेली घेऊन ये-जा करणाऱ्यांनी दिवसभर त्याच सळ्यांवरून वाट पाडली होती. खाली चेअर, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे सळईचेच घोडे, होत्या चार, त्याही आडव्या झालेल्या. तळापासून सळईपर्यंतची जी जाडी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, ती १२५ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटर उरली होती, म्हणजे बाल्कनीची ताकद जवळजवळ निम्मी झाली होती. ती पाडून पुन्हा करावी लागली. मालक सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचा राग रास्तच होता, कारण आदल्या संध्याकाळची तपासणी ही स्लॅबच्या दिवशीची तपासणी नव्हे.

तेव्हापासून बाल्कनी असलेल्या स्लॅबला मी स्वतः हजर राहतो. लिफ्ट दुसऱ्या बाजूला लावायला सांगतो, सळईखाली दर दोन फुटांवर चेअर मागतो आणि चालण्यासाठी सळईला न टेकणाऱ्या फळ्या टाकून घेतो. माझ्याकडे एक लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर खुणा केलेल्या आहेत. ओल्या काँक्रीटमध्ये ती खुपसून सळई किती खाली लागते हे मी मुकादमासमोरच पाहतो. वरची सळई आतल्या स्लॅबमध्ये बाल्कनीच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे पाच फुटांच्या बाल्कनीला साडेसात फूट, गेलेली असावी. लोखंड वाचवण्यासाठी ती भिंतीपाशी तोडणारे ठेकेदार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबरोबर मी पुन्हा काम केलेले नाही.

दुसरी चूक जमिनीखालची आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्यानंतर नदीकडच्या वस्त्यांतील मालक जोते उंच मागतात आणि ते योग्यच आहे. चूक पुढे होते. फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, जमिनीखाली सहा फूट आणि जोते वर पाच फूट असेल, तर जोत्याच्या बीमखाली कॉलम अकरा फूट आडव्या आधाराशिवाय राहतो. पण संगणकावर बसलेला नवशिका इंजिनिअर कॉलम जोत्यापासूनच सुरू झाला असे धरतो, कारण जुन्या फाइलमध्ये तसे होते. जमिनीच्या पातळीवर आणखी एक बीम देऊन कॉलम एकमेकांना बांधले पाहिजेत. जोत्याच्या बाहेरच्या भिंतीवर भरावाचा आडवा रेटा येतो, तोही हिशेबात घ्यावा. भरावासाठी खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत टाकणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी उचलते. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, चोपून घ्यावा.

याच मातीचा दुसरा फसवा गुण असा की एप्रिलमध्ये ती दगडासारखी होते. कुदळ लागत नाही, म्हणजे खडक लागला, असे ठेकेदार सांगतो. शेजाऱ्यानेही पाच फुटांवरच पाया घेतला होता, असेही सांगतो. मी पायाच्या खड्ड्याच्या तळावर दोन बादल्या पाणी ओतायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येतो. काळी माती असेल तर टाच रुतते. हा खेळ माती परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही, परंतु परीक्षणाला नाही म्हणणारा मालक रुतलेली टाच पाहून होकार देतो. परीक्षणाचे खड्डे प्लॉटच्या किमान दोन विरुद्ध कोपऱ्यांत घ्यावेत.

रिंगांविषयी, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या कड्यांविषयी, थोडक्यात सांगतो. कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात मोडते आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार दूर झालेला नाही. तरीही कॉलमच्या रिंगेचा हूक काटकोनात वाकवून सोडला जातो. तो १३५ अंशांत आत वळवावा आणि आठ मिलिमीटरच्या रिंगेला वळणापुढची शेपूट किमान ६५ मिलिमीटर ठेवावी. काटकोनातला हूक मी उलगडून पुन्हा वाकवू देत नाही, रिंग नवीनच करायला लावतो.

कव्हरसाठी, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर राखण्यासाठी, खडीचे तुकडे चालणार नाहीत. प्लंबरला बीममध्ये भोक पाडू देऊ नये. क्यूब, म्हणजे ताकद तपासण्याचे काँक्रीटचे ठोकळे, भरताना चांगले घमेले निवडू नये, जे घमेले कॉलममध्ये पडणार आहे त्यातूनच भरावे.

पाण्याबाबत मात्र माझा संयम लवकर सुटतो. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरते, आणि त्यात वाळूतले पाणीही धरायचे असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर भिजलेल्या शंभर किलो वाळूत पाच लिटर पाणी सहज असते. काँक्रीट घट्ट वाटले की मिक्सरवाला अर्धी बादली आणखी ओततो, कारण ते ओढायला सोपे जाते; त्याने वाचवलेले कष्ट पुढे कॉलमच्या ताकदीतून वजा होतात. मी बादलीवर रंगाने रेघ मारून ठेवतो आणि काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर चालू आहे की नाही हे आधी पाहतो. बंद व्हायब्रेटर हे जास्तीच्या पाण्याचे नेहमीचे कारण असते.

टेकू काढण्याची घाई बहुधा सेंट्रिंगवाल्याला असते, कारण फळ्या त्याला दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा दिवस आणि सहा मीटरपेक्षा मोठ्या बीमला एकवीस दिवस टेकू हवेत. राख किंवा स्लॅग मिसळलेले मिश्र सिमेंट असेल तर मी त्यात आणखी काही दिवस घालतो. साध्या स्लॅबचे टेकू मधून कडेकडे काढावेत आणि बाल्कनीचे मात्र बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे. ते उलट्या क्रमाने काढले तर टोकाचा टेकू खालून रेटत राहतो आणि बाल्कनी मध्येच, जिथे खाली सळई जेमतेम असते तिथे, तडकते.