उतरवलेलं वजन परत चढू नये म्हणून ताट कसं वाढावं

डाएट करून वजन उतरवलं आणि वर्षभरात काटा पुन्हा जुन्या आकड्यावर आला, की बहुतेक जण स्वतःच्या जिभेला बोल लावतात. मला तो अन्याय वाटतो. वजन उतरलं की शरीर ऊर्जा कमी जाळतं, भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि तृप्तीची जाणीव देणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं. मेलबर्नमधल्या 2011 सालच्या अभ्यासात संप्रेरकांमधला हा बदल वर्षानंतरही टिकून होता. अशा भुकेपुढे नुसता निग्रह पुरत नाही. ताटातलं प्रमाण बदलावं लागतं.

कसं, ते 2010 साली युरोपातल्या 8 देशांच्या डायोजेनिस अभ्यासाने दाखवलं. किमान 8 टक्के वजन उतरवलेल्या 773 जणांना वेगवेगळे पाच आहार दिले. 26 आठवडे हवं तितकं खायची मुभा होती. प्रथिनं कमी आणि रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ जास्त, या एकाच गटाचं वजन लक्षणीय वाढलं, सरासरी 1.67 किलो.

सुरुवात नाश्त्यापासून करा. पोहे बंद करू नका, निम्मे करा. त्यात मटार घाला आणि जोडीला दोन उकडलेली अंडी घ्या, म्हणजे 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडी चालत नसतील तर वाफवलेले मूग घ्या. उपासाला साबुदाण्याची खिचडी मात्र टाळाच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

जेवणात वाढायचा क्रम बदला. आधी उसळ किंवा घट्ट वरण, मग पालेभाजी आणि कोशिंबीर, उरलेल्या जागेत ज्वारीची भाकरी. तुपाची धार बंद करायची गरज नाही, चमचाभर पुरे. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा; दुसऱ्या दिवशी मोड येतात. घाईच्या दिवशी मंडईत मोडाची मटकी मिळतेच. 50 ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं असतात.

दिवसाचा प्रथिनांचा हिशेब वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम धरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) ही शिफारस आहे, म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. त्याखाली जाऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रविवारी मिसळ खायला जाणार असाल तर जरूर जा. फरसाण वेगळं मागा, तर्री कमी घ्या, उसळ जादा घ्या आणि एका पावावर थांबा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या सकाळी, उपाशीपोटी वजन करा. दोन किलो चढलं तर जेवण तोडू नका. काही दिवस पाव, बिस्किटं, संध्याकाळचा वडापाव थांबवा, भात निम्मा करा. उसळ आणि वरण आहे तेवढंच ठेवा.