गिनी पिगला अँटिबायोटिक देताय? या चुका टाळा

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, पहिला डोस पोटात गेला, आणि रात्री कुठेतरी वाचलं की अँटिबायोटिकने गिनी पिग दगावतात. मग कसली झोप! आमच्या भुऱ्याला सर्दी झाली तेव्हा मीही मध्यरात्री दिव्याखाली बाटली धरून बारीक अक्षरं वाचत बसलो होतो. ती भीती खोटी नव्हती, पण अर्धवट माहितीवरची होती. त्या अर्ध्या माहितीपायी माणूस दोन टोकांना जातो: कोणी नको ते औषध बिनदिक्कत देतो, तर कोणी हवं ते औषध मधेच बंद करतो.

भीतीमागचं कारण आधी बघू. गिनी पिगच्या आतड्यात सीकम नावाची मोठी पिशवी असते. त्याने खाल्लेलं गवत तिथले जिवाणू आंबवून पचवतात. हे जिवाणू बहुतांशी ग्राम-पॉझिटिव्ह गटातले. नेमक्या याच गटाला मारणारं औषध पोटात गेलं की त्यांची जागा रिकामी होते आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखे जिवाणू माजतात. त्यांच्या विषाने आतडं सुजतं, जुलाब लागतात, अंग थंड पडतं. हे सगळं काही दिवसांत होतं. कधी कधी जुलाब दिसायच्या आतच जनावर हातचं जातं.

हे जुनंच ज्ञान आहे. १९४० मध्ये पेनिसिलिन उंदरांवर तपासलं गेलं आणि उंदीर वाचले. १९४३ मध्ये तेच औषध गिनी पिगना घातक ठरल्याची नोंद झाली. आधी गिनी पिग घेतले असते तर पेनिसिलिन कदाचित बाजूलाच पडलं असतं, असं औषधशास्त्रातले लोक अजूनही म्हणतात.

चूक: बाटलीवरचं मोठं नाव वाचून निश्चिंत होणं

मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. आपल्याला हवं ते खाली बारीक अक्षरात असतं, औषधाचं मूळ नाव. तिथे शेवटी 'सिलिन' दिसलं (अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन) किंवा सुरुवातीला 'सेफ' दिसलं (सेफॅलेक्सिन वगैरे) तर पहिला डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पेनिसिलिन इंजेक्शनने दिलं तरी धोका टळत नाही. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन हीसुद्धा धोक्याच्याच यादीत येतात.

'मायसिन' या शेपटावरून मात्र काही ठरवू नका. ॲझिथ्रोमायसिनचं शेपूट तेच, तरी काही डॉक्टर ते गिनी पिगला जपून देतात.

नेहमी वापरली जाणारी औषधं म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, क्लोरॅम्फेनिकॉल, मेट्रोनिडाझोल. डॉक्सिसायक्लिनही परिस्थिती बघून दिलं जातं. तुमच्या कागदावर यातलं नाव असेल तर डॉक्टरांनी विचार करूनच लिहिलंय असं धरायला हरकत नाही. तरी यांच्याही काही खोडी आहेत. मेट्रोनिडाझोल कडूजहर असतं, त्याने भूक मरू शकते. क्लोरॅम्फेनिकॉल देताना स्वतः हातमोजे घाला, कारण माणसांमध्ये त्याने क्वचित रक्त तयार होण्याची प्रक्रियाच बिघडते. वाढत्या वयाच्या पिल्लाला एन्रोफ्लॉक्सासिन दिलं असेल तर सांध्यांच्या कूर्चेबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

फोन करायला संकोच वाटतो, खरं आहे. आपण डॉक्टरांना शिकवायला निघालोय असं वाटतं. मी सरळ विचारलं होतं, "हे गिनी पिगला तोंडाने चालतं ना? भूक कमी झाली तर काय करू?" कुत्र्या-मांजरांचीच सवय असलेल्या डॉक्टरांच्या हातून सवयीने अमॉक्सिसिलिन लिहिलं जाऊ शकतं. एका प्रश्नाने ते टळत असेल तर रागवणाऱ्याला रागवू द्या.

घरात उरलेलं कुत्र्याचं किंवा मुलाचं अँटिबायोटिक थोडंसं देऊन बघावं, हा विचार मनातसुद्धा आणू नका.

चूक: घाबरून औषध मधेच थांबवणं

ही चूक जास्त होते आणि तितकीच महागात पडते, असं माझं मत आहे. बोर्डेटेला किंवा न्यूमोकोकस या जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया गिनी पिगमध्ये झपाट्याने वाढतो. योग्य औषध दोन दिवस देऊन सोडलं तर आजार परत उसळतो, आणि तोवर जनावराची ताकद संपत आलेली असते. लेंड्या किंचित मऊ झाल्या किंवा गवत जरा कमी खाल्लं तर डोस स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, औषध बदलायचं की नाही ते ते ठरवतील. पाण्यासारखे जुलाब, गारठलेलं अंग किंवा फुगलेलं पोट दिसलं तर मात्र ती आणीबाणी समजायची आणि फोनबरोबर पिंजराही उचलायचा.

चूक: मिलिग्रॅम आणि मिलिलिटरची गल्लत

सगळ्यात घातक गोंधळ इथे होतो. एन्रोफ्लॉक्सासिनचं द्रावण एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि १०० मिलिग्रॅमचंही. समजा गिनी पिग ९०० ग्रॅमचा आहे आणि डॉक्टरांनी ९ मिलिग्रॅम सांगितलेत (आकडा फक्त हिशेबापुरता). पहिल्या बाटलीतून ते ०.३६ मिलिलिटर होतात, दुसरीतून ०.०९. बाटली बदलली आणि तुम्ही जुन्याच रेघेपर्यंत भरलंत, की चौपट औषध गेलं. म्हणून डोस मिलिलिटरमध्ये लिहूनच घ्या, त्याच बाटलीसमोर सिरिंजवर खूण करून घ्या, आणि सिरिंज एक मिलिलिटरचीच वापरा. खाली साका बसणारं औषध असेल तर आधी बाटली नीट हलवा. नाहीतर सुरुवातीला पाणीच जातं आणि शेवटी गाळ.

पाण्याच्या बाटलीत औषध मिसळण्याची युक्ती सोपी वाटते, पण किती पोटात गेलं ते कळत नाही, आणि चव बिघडली तर पाणीच सुटतं. टॉवेलमध्ये गुंडाळा, पुढच्या दातांमागे जी रिकामी जागा असते तिथून आडवी सिरिंज घाला, थेंब थेंब द्या, गिळू द्या. उताणं करून कधीच देऊ नका, औषध फुप्फुसात जाईल.

चूक: नजर औषधावर, खाण्यावर नाही

गिनी पिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. आजारामुळे असो, दुखण्यामुळे असो की औषधामुळे, बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नाही. रोज ठरलेल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. वीस-तीस ग्रॅमचा चढउतार चालतो. ९०० ग्रॅमचा प्राणी ८१० वर आला, म्हणजे दहा टक्के घटला, तर प्रकरण गंभीर आहे. पण उतार दोन-तीन दिवस सलग दिसला तर इतकं थांबूच नका. लेंड्या मोजायची गरज नाही, आकार बघा: बारीक, टोकदार किंवा कमी झाल्या की खाणं घटलंय. सुकं गवत चोवीस तास समोर हवं. स्वतः खात नसेल तर पेलेट भिजवून केलेली पातळ पेस्ट सिरिंजने भरवावी लागते, किती ते डॉक्टरांना विचारून. क जीवनसत्त्वही विसरू नका. गिनी पिगचं शरीर ते बनवत नाही आणि आजारपणात गरज वाढते.

दही घालून 'चांगले जिवाणू' देण्याचा सल्ला हमखास मिळतो. गवत खाणाऱ्या पोटाला दूध-दही नकोच. प्राण्यांसाठीचं प्रोबायोटिक डॉक्टरांनी दिलंच तर अँटिबायोटिकपासून एक-दोन तासांचं अंतर ठेवून द्या. ते गवताची जागा घेत नाही.

जखमेवर लावायच्या मलमाकडेही लक्ष असू द्या. बॅसिट्रासिन हेही धोक्याच्या यादीतलं अँटिबायोटिक; ते असलेली मलमं चाटली जातात आणि ते पोटात पोहोचतं.

नको ते औषध आधीच गेलं असेल तर

उलटी करवायचा प्रयत्न व्यर्थ आहे, गिनी पिगला उलटी होतच नाही. पुढचा डोस थांबवा आणि लगेच डॉक्टरांना औषधाचं नाव, प्रमाण आणि वेळ सांगा. एका डोसने प्रत्येक वेळी अनर्थ होतोच असं नाही. डॉक्टर विष शोषून घेणारं कोलेस्टिरामाइन देऊ शकतात, सलाइन लावू शकतात. तुमच्याकडे दोनच कामं उरतात: गवत समोर ठेवणं आणि पुढचा आठवडाभर वजन आणि लेंड्या लिहीत राहणं, कारण त्रास लगेच न दिसता काही दिवसांनीही उद्भवू शकतो.

भुऱ्याच्या बाटलीवर त्या रात्री एन्रोफ्लॉक्सासिन निघालं. चौथ्या दिवशी पहाटे त्याने गवतासाठी पिंजरा डोक्यावर घेतला.