घरच्या घरी हॅलोवीन: मुलांसह करायची तयारी

हॅलोवीन, म्हणजे मुले वेगवेगळे पोशाख घालून घरोघरी खाऊ मागत फिरतात आणि दारात कोरलेल्या भोपळ्यांचे दिवे ठेवले जातात तो सण, ३१ ऑक्टोबरला असतो, पण तो घरी घडवायचा असेल तर तयारीला ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात लागावे. न्यू जर्सीतल्या आमच्या भागात सप्टेंबर सरण्यापूर्वीच दुकाने तयार पोशाखांनी आणि प्लास्टिकच्या सांगाड्यांनी भरून जातात, आणि मनात आणले तर एका फेरीत सगळा सण विकत मिळतो. मात्र तसे केले की मुलांच्या वाट्याला केवळ कँडी उरते; कातरणे, रंगवणे, चिकटवणे आणि त्यासाठी आपापसांत भांडून शेवटी एकमताने काहीतरी ठरवणे हा सणाचा मोठा भाग त्यांना मिळतच नाही. म्हणून पुढील प्रत्येक काम कोणाच्या हाती द्यायचे हे आधी ठरवावे आणि वेळापत्रक शेवटच्या दिवसापासून मागे मोजत आखावे.

पहिला निर्णय पोशाखाचा. मुलाला काय व्हायचे आहे हे त्याला कागदावर काढायला सांगावे, म्हणजे कोणता भाग त्याला खरोखर महत्त्वाचा वाटतो ते कळते. घुबड व्हायचे असलेल्या मुलीला पंख हवे असतात की मोठे डोळे, यावर पुढचे सगळे काम अवलंबून असते. सामान शक्यतो घरातलेच असावे. मोडक्या काळ्या छत्रीचे कापड काड्यांवरून सोडवून दोन भागांत कापले की वटवाघळाचे पंख मिळतात, जुन्या स्वेटशर्टवर रंगीत चिंध्यांचे तुकडे ओळीने शिवले की घुबडाची पिसे होतात, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला हात-डोके घालण्यापुरती भोके पाडली की यंत्रमानवाचे निम्मे काम झालेले असते. ऑक्टोबरअखेर इथे संध्याकाळी चांगलीच थंडी पडते, तेव्हा माप घेताना मुलाच्या अंगात स्वेटर असावा. नाहीतर इतक्या मेहनतीने केलेला पोशाख जाकिटाखाली झाकला जातो. झोळदार कपडे घोट्याच्या वरच संपवावेत. पूर्ण चेहऱ्याच्या मुखवट्याने बाजूचे दिसत नाही, त्यामुळे चेहरा रंगवणे अधिक बरे, पण तो रंग एक-दोन दिवस आधी मुलाच्या दंडावर थोडासा लावून त्वचा लाल होत नाही ना हे पाहावे. सणाच्या आठवडाभर आधी पोशाखाची रंगीत तालीम घ्यावी: मुलाने तो घालून जिना चढावा-उतरावा, खाली बसावे, मागे वळून पाहावे आणि कोणाच्याही मदतीशिवाय स्वच्छतागृहात जाऊन यावे. शाळेत मुखवटे किंवा खोटी हत्यारे चालत नसतील तर तेही याच वेळी विचारून घ्यावे.

भोपळे ऑक्टोबरच्या मध्यावर शेतावर जाऊन आणावेत आणि दोन प्रकारचे आणावेत. कोरण्याचा मोठा भोपळा आतून पाणचट आणि धागेदार असतो, तर खाण्यासाठीचा लहान, गोडसर भोपळा वेगळा मिळतो, ज्याला इथे शुगर किंवा पाय पम्पकिन म्हणतात. निवडताना देठ हिरवा आणि घट्ट आहे, बूड सपाट आहे आणि सालीवर कोठेही मऊ डाग नाही हे मुलांकडून तपासून घ्यावे. भोपळा देठाला धरून उचलू नये, कारण देठ तुटला की तिथून तो लवकर कुजतो. अखंड भोपळा थंड, कोरड्या जागी अनेक आठवडे टिकतो; कोरलेला मात्र तीन ते पाच दिवसांत मऊ पडू लागतो आणि उबदार हवेत त्याहूनही लवकर. म्हणून कोरण्याचा दिवस २८ किंवा २९ ऑक्टोबर ठेवावा. तोवर घाईला आलेल्या धाकट्यांना त्याच भोपळ्यावर खडूने चेहरे काढू द्यावेत, पुसू द्यावेत आणि पुन्हा काढू द्यावेत.

कोरण्याच्या संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरावीत आणि जाड दांड्याचे मोठे चमचे, रुंद परात, धुता येणारे मार्कर व भोपळ्यासाठीच मिळणारी लहान दातेरी करवत अशी मांडणी आधीच करून ठेवावी. झाकण कापताना करवत आतल्या बाजूला तिरकी धरावी, म्हणजे ते पुन्हा बसवल्यावर आत पडत नाही. गर आणि बिया काढणे हे लहानांचे काम, आणि ते त्यांनी हातांनीच करावे. ज्या बाजूला चेहरा कोरायचा ती आतून इंचभर जाडीची होईपर्यंत खरवडावी, म्हणजे कापणे सोपे जाते आणि उजेडही नीट बाहेर पडतो. चेहरा मुलांनी काढावा आणि कापणे मोठ्यांनी करावे, ही विभागणी प्राथमिक शाळेच्या वयापर्यंत मोडू नये. हात गुंतलेले असताना तोंड मोकळे असते, म्हणून या वेळी एक गोष्ट सांगायला तयार ठेवावी. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात निखारा किंवा मेणबत्ती ठेवत असत. सैतानाला फसवलेला आणि शेवटी स्वर्गात वा नरकात कोठेही जागा न मिळालेला जॅक असा दिवा घेऊन अंधारात फिरतो, अशी तिथली लोककथा आहे. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर ही रीत अमेरिकेत आली आणि इथल्या मातीतला, मोठा आणि पोकळ करायला सोपा असा भोपळा तिला मिळाला.

बिया फेकू नयेत. धाग्यांतून सोडवून, धुऊन, फडक्यावर रात्रभर वाळवून दुसऱ्या दिवशी थोडे तेल, मीठ, जिरेपूड आणि मोठ्यांच्या वाट्याला जरा लाल तिखट लावावे आणि ३२५ अंश फॅरनहाइटवर वीस-पंचवीस मिनिटे, मध्ये एकदा हलवून, भाजाव्यात. खाण्याच्या भोपळ्याचे घारगे करावेत, आणि आमच्या घरी ही या सणाची पक्की रीत झाली आहे. किसलेला भोपळा गुळासह शिजवून गार करावा, त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडी तांदळाची पिठी, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून पाण्याचा थेंबही न वापरता घट्ट मळावे. घारगे थापायला मुलांना बसवावे आणि तळण मोठ्यांनी सांभाळावे. कोरून बाहेर ठेवलेला भोपळा मात्र पुन्हा स्वयंपाकात आणू नये.

घराच्या सजावटीला दोन दुपारी पुरतात. दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन धुऊन त्यांवर मार्करने भुतांचे चेहरे काढावेत आणि आत विजेच्या बारीक दिव्यांची माळ सोडून ते अंगणातल्या वाटेच्या कडेने मांडावेत. हे काम चार वर्षांचे मूलही अभिमानाने करते. विरळ विणीचे मलमल कॉर्नस्टार्चच्या खळीत बुडवून बाटलीवर ठेवलेल्या फुग्यावर पसरावे, दिवसभर वाळू द्यावे आणि मग फुगा फोडून काढावा, म्हणजे आधाराविना उभे राहणारे भूत तयार होते. कृत्रिम धाग्यांची ताणून लावायची कोळिष्टके झाडाझुडपांवर पसरू नयेत, त्यांत पक्षी आणि मधमाश्या अडकतात. कोळ्याचे जाळे हवेच असेल तर घरात जाड सुताचे विणावे. सजावट किती भीतिदायक असावी हे घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे पाहून ठरवावे. मुखवटा त्याच्यादेखत चढवून दाखवावा आणि उतरवूनही दाखवावा, आणि त्याची झोपायची खोली सजावटीतून पूर्ण वगळावी.

दिवाळी बहुधा याच आठवड्यांच्या आगेमागे येते, आणि २०२४ साली तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. अशा वर्षी एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी: दाराच्या पायऱ्यांवर तेलाच्या पणत्या ठेवू नयेत. त्याच पायऱ्यांवरून झोळदार, बहुधा कृत्रिम धाग्याच्या पोशाखांतली परकी मुले रात्री चढतात, आणि ते कापड पेटले तर वितळून त्वचेला चिकटते. पणत्या देवघरात आणि उंच कट्ट्यावर लावाव्यात, पायऱ्यांवर आणि भोपळ्यांत बॅटरीचे दिवे ठेवावेत. रांगोळीही दाराच्या एका बाजूला काढावी, म्हणजे ती पुसली जाणार नाही आणि कोणी घसरणार नाही.

दारी येणाऱ्या मुलांसाठीचा खाऊ कारखान्यात बंद केलेल्या लहान वेष्टनांतलाच ठेवावा. घरच्या चकल्या आणि लाडू कितीही प्रेमाने दिले तरी अनोळखी पालक ते मुलांना खाऊ देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. फराळाची पुडी ओळखीच्या शेजाऱ्यांना हातात द्यावी. शेंगदाणे, काजू, तीळ यांची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी स्टिकर, पेन्सिली, उड्या मारणारे चेंडू यांचा वेगळा वाडगा भरावा आणि दाराशी निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवावा. टेनेसीत सुरू झालेली ही खूण २०१४ पासून फेअर या ॲलर्जीविषयक संस्थेने देशभर नेली, आणि ती पाहिली की त्या मुलांना आपल्यालाही इथे काही मिळेल हे दुरूनच कळते. फराळ ज्या ओट्यावर केला तिथे हा वाडगा भरू नये.

फेरीचा मार्ग आदल्या दिवशी उजेडात चालून पाहावा. ३१ ऑक्टोबरला इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून धाकट्यांना पाच वाजताच घेऊन निघावे आणि त्याआधी सर्वांना पोटभर जेवू घालावे. या रात्रीचा खरा धोका मोटारींचा आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांवर २०१८ साली जामा पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांत सुमारे दहापट आढळला. पोशाखाच्या पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी शिवावी, प्रत्येक मुलाच्या हाती विजेरी द्यावी, रस्ता चौकातच ओलांडावा आणि एका बाजूची सगळी घरे संपल्याशिवाय दुसऱ्या बाजूला जाऊ नये. ज्या घराचा बाहेरचा दिवा बंद आहे तिथे घंटा वाजवायची नाही, एका घरी एकच वस्तू घ्यायची आणि आभार मानल्याशिवाय पायरी उतरायची नाही, हे निघण्यापूर्वी मुलांकडून म्हणवून घ्यावे. पिशवी म्हणून त्यांनीच रंगवलेला उशीचा अभ्रा उत्तम. सोबत नाण्यांसाठी एक डबाही देता येतो. १९५० साली फिलाडेल्फियाच्या परिसरात काही मुलांनी दुधाच्या खोक्यांत अशी नाणी गोळा केली, आणि त्यातूनच हॅलोवीनला युनिसेफसाठी मदत जमवण्याची प्रथा पडली.

परतल्यावर सगळी कँडी चादरीवर ओतून मुलांनी तिची वर्गवारी करावी आणि अदलाबदलीचा बाजार मनसोक्त भरवावा. वेष्टन फाटलेले असेल ते टाकून द्यावे, आणि चार वर्षांखालील मुलांच्या वाट्यातून कडक गोळ्या व शेंगदाण्याच्या वस्तू काढून घ्याव्यात, कारण त्या घशात अडकतात. कँडीत विष घातल्याच्या अफवा दरवर्षी फिरतात. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या दशकानुदशके तपासल्या, आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या अशा खाऊने एखादे मूल दगावल्याचे एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडले नाही. तेव्हा पाहणी शांतपणे करावी आणि मुलांसमोर तो विषय काढू नये.

१ नोव्हेंबरला भोपळ्यांतले दिवे काढून, न रंगवलेले भोपळे फावड्याने फोडून कंपोस्टमध्ये घालावेत. बिया आधीच काढल्या असल्याने तिथे वेल उगवत नाहीत. दुधाचे कॅन पुसून तळघरात ठेवावेत, दिव्यांतल्या बॅटऱ्या काढून घ्याव्यात, आणि पोशाख धुऊन त्यावर मुलाचे वय लिहिलेली चिठ्ठी टाचून धाकट्या भावंडासाठी बांधून ठेवावा.