मधल्या सुट्टीतला रडीचा डाव

पहिली-दुसरीच्या मुलांची मधल्या सुट्टीतली भांडणे बहुधा हरण्यावरून नव्हे, तर ‘मला हात लागलाच नाही’ यावरून होतात. म्हणून लंगडीचा डाव सुरू होण्यापूर्वीच शिक्षकांनी मैदानाची रेषा मुलांकडूनच आखून घ्यावी आणि बाद कोण झाले हे सांगण्याचे काम रोज वेगळ्या मुलाकडे द्यावे. निर्णय देणाऱ्यावर सगळे ओरडले की कसे वाटते, हे त्यामुळे प्रत्येकाला स्वतः अनुभवता येते, आणि उपदेशापेक्षा ते कितीतरी अधिक उपयोगी पडते.

बाद झालेल्या मुलाला सुट्टी संपेपर्यंत बाहेर बसवू नये, कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते तोच मग सर्वांत कमी खेळतो. कबड्डीत संघाने प्रतिस्पर्धी गडी बाद केला की आपला बाद गडी परत येतो. तीच सोय येथेही करावी, म्हणजे लंगडी घालणाऱ्याने पाय टेकला की आधी बाद झालेला एक जण पुन्हा आत यावा. (‘कच्चे लिंबू’ ही जुनी सवलतही लहानग्यांसाठी उत्तमच.) रडणाऱ्या मुलाला ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवू देऊ नये आणि त्याच्याकडून तेथल्या तेथे माफीही मागवून घेऊ नये, तो शांत झाल्यावर त्याला पुढच्या डावात घ्यावे.