इंजिनची डेप्थ आणि मात : या चुका टाळा

परभणीत मी संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. मध्यंतरी नववीतल्या एका मुलानं मोबाइलवरचं इंजिन, म्हणजे खेळ्या शोधणारा प्रोग्राम, पुढं केलं. "सर, पुस्तकच चुकलंय की. डेप्थ तीस झाली, मात काई दिसंना." डेप्थ म्हणजे इंजिन किती पुढचं पाहतं तो आकडा. कूटप्रश्न आठ खेळ्यांत मात करण्याचा होता. त्याचं म्हणणं, आठ तर तिसापेक्षा किती कमी, इंजिनला दिसायलाच पाहिजे. स्पर्धांच्या ठिकाणी पालकांकडूनही मी हेच ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोजमाप. डेप्थ अर्ध्या खेळ्यांत मोजतात. एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी खेळी, तिला प्लाय म्हणतात. मात मात्र पूर्ण खेळ्यांत सांगितली जाते. पांढरा राजा जी१, हत्ती जी६ आणि एच५, काळा राजा सी७, पांढऱ्याची पाळी अशी मांडणी करा. हत्ती एच७ शह, काळा राजा आठव्या ओळीत जातो, हत्ती जी८ मात. इंजिन 'मात २' दाखवेल, पण अर्ध्या खेळ्या तीन झाल्या. त्याच हिशेबानं आठ खेळ्यांची मात म्हणजे पंधरा. मातेच्या आकड्याआधीचं उणे चिन्हही नीट वाचा. इंजिन स्वतः ज्याची पाळी आहे त्याच्या बाजूनं बोलतं, त्यामुळं उणे म्हणजे मात त्याच्यावरच होते आहे. बरीच ॲप मात्र हा आकडा पांढऱ्याच्या बाजूनं फिरवून दाखवतात.

तरीही पंधरा तिसापेक्षा कमीच, मग मात का दिसली नाही? खरी चूक इथं होते. डेप्थ ३० म्हणजे तीस अर्ध्या खेळ्यांपर्यंतच्या सगळ्या शक्यता तपासल्या, असं आपण धरून चालतो. शेतात तीनशे फूट बोअर घेतला म्हणून अख्खं शेत तीनशे फूट खणलं जात नाही. स्टॉकफिशसारखं इंजिन आश्वासक वाटणाऱ्या खेळ्यांमागं खोल जातं, बाकीच्या थोडक्यात उरकतं. क्रमवारीत मागं पडलेल्या खेळ्या ते कमी खोलीवर तपासतं. शिवाय बचाव करणाऱ्याला एक पाळी सोडू देऊनही त्याचं काही बिघडत नाही असं दिसलं, की ती फांदी छाटून टाकतं. एरवी ही युक्ती फार कामाची आहे, इंजिनची ताकद तिच्यातूनच येते. पण काही कूटप्रश्नांचा गाभाच असा असतो, की बचाव करणाऱ्याला पाळी सोडता आली असती तर तो वाचला असता. खेळावं लागतं म्हणून मरतो. त्याला झुगझ्वांग म्हणतात. नेमकी तिथं छाटणी फसते. ज्या मातेची सुरुवात शह न देणाऱ्या, मारामारी नसलेल्या शांत खेळीनं होते, तिथंही इंजिनला उशीर लागतो.

डेप्थशेजारी 'सेलडेप्थ' हा आकडा दिसतो. तो म्हणजे शेतातला सगळ्यात खोल बोअर, एवढंच.

उपाय सोपा आहे. पुस्तकातली पहिली खेळी पटावर करा, इंजिनला थोडा वेळ द्या, मग एक खेळी मागं या. आम्ही तसंच केलं. खेळी केल्यावर 'मात ७' आली, मागं आलो तर 'मात ८'. सापडलेलं उत्तर इंजिननं हॅश मेमरीत, म्हणजे आपल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवलेलं असतं. म्हणूनच मोबाइलवर हॅश अगदी कमी ठेवू नका, आणि मधेच ती पुसू नका.

त्याही आधी मांडणी तपासा. हातानं मांडलेल्या पटावर पाळी कुणाची हे चुकतं, कॅसलिंगचा हक्क चुकून सुरू राहतो. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथंच मिटतात.

उलट बाजूची चूक : 'मात १२' दिसली, की मुलं इंजिन बंद करतात आणि वहीत बारा लिहितात. मात आहे हे खरं, पण ती सर्वांत छोटी असेलच असं नाही. थांबलात तर बाराची नऊ होऊ शकते. एकापेक्षा जास्त थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे शोध, चालू असतील तर दोन वेळा चालवून दोन वेगळे आकडेही येतात, त्यात बिघाड काही नाही. 'गो मेट ८', म्हणजे आठ खेळ्यांत मात शोध, अशी आज्ञा दिली तरी स्टॉकफिश छाटणी बंद करत नाही. तेवढ्या खेळ्यांची मात सापडली की थांबतं, इतकंच. सर्वांत छोटी मात सिद्धच करायची असेल तर हायनर मार्क्स यांच्या 'चेस्ट'सारखे खास मात शोधणारे प्रोग्राम वापरावेत.

दोन इंजिनांच्या डेप्थची तुलना करू नका. लीला चेस झीरो या इंजिनची शोधपद्धतच वेगळी आहे. तिची १२ आणि स्टॉकफिशची ३० शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

शेवटी टेबलबेस, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या डावांचे आधीच काढून ठेवलेले निकाल. त्यातल्या सिझिजी या संचाच्या फायली जोडल्यावर सात किंवा कमी मोहऱ्यांच्या डावात मोठा गुण दिसतो, पण मातेचा आकडा दिसत नाही, म्हणून मुलं गोंधळतात. त्या फायलींत निकाल असतो, आणि पुढची मारामारी किंवा प्याद्याची खेळी किती दूर आहे ते असतं. पन्नास खेळ्यांचा नियम (तेवढ्यात मारामारी किंवा प्याद्याची खेळी झाली नाही तर बरोबरी) सांभाळून जिंकायला तेवढं पुरतं. मात किती खेळ्यांत, हे त्यात साठवलेलंच नसतं.