मूल वाचनात अडखळतंय? आधी एक वही घ्या

माझा मुलगा दुसरीत असताना 'घर'ला 'धर' म्हणायचा आणि 'भात'ला 'मात'. आजीने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगायचा, पण तीच पुस्तकातून वाच म्हटलं की पोट दुखायला लागायचं. "आळशी आहे, लक्ष देत नाही," हे शाळेतून दोन वर्षं ऐकलं. मीही ते खरं मानलं आणि चुकलेला शब्द त्याच्याकडून दहा-दहा वेळा लिहून घेतला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता तो नववीत आहे. आमच्या सांगली जिल्ह्यात मी ज्या क्रमाने गेले त्यापेक्षा सोपा क्रम आहे, तो सांगते.

आधी शंभर पानी वही घ्या. रोज नाही जमलं तर आठवड्यातून तीनदा लिहा: तारीख, कोणता उतारा दिला, किती वेळ लागला, नेमकं काय वाचलं आणि नंतर तोंडी विचारल्यावर काय सांगितलं. मत लिहू नका. "नीट वाचत नाही" यातून कुणालाच काही कळत नाही. "८ ओळींना १४ मिनिटं, जोडाक्षरं गाळली, तोंडी मात्र पाचही उत्तरं बरोबर" यातून सगळं कळतं. डाव्या पानावर मुलाला काय छान जमलं तेही लिहा. माझ्या लेकाने सायकलची चेन स्वतः बसवली, हे त्या वहीत आहे. पुढे तपासणीच्या वेळी तिथल्या मॅडमनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली ती त्या चेनवरूनच, आणि तो पहिल्यांदा मोकळा झाला.

मग डोळे आणि कान तपासून घ्या. दिसण्या-ऐकण्यात अडचण असेल तर वाट वेगळी, आणि तेवढं कळलं तरी मोठं काम होतं.

शाळेत वर्गशिक्षिकांना वही दाखवा, पण बोलून थांबू नका. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. अर्जात तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडून मुलाला पाहण्याची विनंती करा. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून हे शिक्षक नेमलेले असतात, आणि आपल्याकडे कितीतरी पालकांना ते आहेत हेच माहीत नसतं. आमच्या विशेष शिक्षिका ताईंनी मुलाला वाळूत अक्षरं गिरवायला लावली, 'घ' आणि 'ध' वेगवेगळ्या रंगांत करून दिले. खाजगी क्लासला घालण्याआधी ही दारं ठोठावा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली अशी अडचण, त्यातला एक. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं. नातेवाईक म्हणतील, "कशाला शिक्का मारून घेता?" माझ्या सासूबाईंनीही म्हटलं होतं. त्यांना मी एवढंच सांगितलं, की चष्म्याचा नंबर काढतो तसंच हे.

त्यासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून सरकारी रुग्णालयात जावं लागतं. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या प्रकाराचं प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं झाल्यावर मिळायचं, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची; २०२४मध्ये नव्या सूचना आल्या, म्हणून आता काय लागतं ते रुग्णालयात विचारा. तिथे बालरोगतज्ज्ञ बघतात, बुद्ध्यांक काढतात, मग वाचन-लेखनाची चाचणी. एका फेरीत होत नाही. आधार कार्ड, फोटो, शाळेच्या मागच्या दोन वर्षांच्या वह्या आणि तुमची ती शंभर पानी वही न्या. डबा-पाणीही न्या, रांगेत मूल कंटाळलं की चाचणी बिघडते.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आमच्यासाठी ते कोल्हापूर. मुख्य सवलत म्हणजे तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा, हाही घेता येतो, पण तो खालच्या इयत्तेतला लागतो. दहावीचं वर्ष सुरू झालं की लगेच शाळेत विचारा, फॉर्मच्या धांदलीत हे मागे पडतं.

शाळेने प्रवेश नाकारला किंवा "तुमचं मूल इथे जमणार नाही" म्हटलं, तर ते लेखी मागा. सरकारी मान्यता असलेल्या शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, तिथे नाही हललं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

लेखनिक घेणार असाल तर सराव नववीतच सुरू करा. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. आमच्याकडे शेजारची आठवीतली मुलगी रविवारी येते. तो उत्तर सांगतो, ती लिहिते. पहिल्या रविवारी तो इतका भरभर बोलला की तिची तीन वाक्यं सुटली. आता तो स्वल्पविरामसुद्धा सांगतो.