थेरपीचे पैसे खिशातून भरताय? मग निदान या चुका टाळा

अमेरिकेतल्या एका छोट्या थेरपी प्रॅक्टिसची बिलं मी नऊ वर्षं सांभाळतेय. थेरपिस्ट दोघी, बिलं बघणारी मी एकटी. आत काय बोलणं होतं ते मला कळत नाही, कळायचं कारणही नाही. पण पैशांचे घोळ मात्र माझ्याच टेबलावर येऊन पडतात. माणसं दरवर्षी नवी, घोळ तेच.

इन्शुरन्स बाजूला ठेवून खिशातून पैसे भरण्यात चूक काहीच नाही. नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या, थेरपिस्टकडे वेटिंग असतं, ज्यांच्याशी सूर जुळतात त्या नेटवर्कबाहेर निघतात, आणि मराठीतूनच बोलायचं असेल तर मग विचारूच नका. काहींना आपलं निदान इन्शुरन्स कंपनीच्या दप्तरी नको असतं. यातलं तुमचं कारण कोणतं, ते पहिल्या सेशनआधी ठरवा. पुढचा निम्मा गोंधळ ते न ठरवल्यामुळेच होतो.

गुप्तता हवी आणि परतावाही हवा

माझी सगळ्यात नावडती चूक ही. सुपरबिल म्हणजे इन्शुरन्सकडून पैसे परत मागण्यासाठी थेरपिस्टने दिलेली तपशीलवार पावती. तिच्यावर तारखा, सेशनचा कोड, भरलेली फी, थेरपिस्टचा एनपीआय नंबर (सरकारी ओळख क्रमांक) आणि तुमच्या निदानाचा आयसीडी-१० कोड असतो. निदान नसेल तर क्लेम परत येतो. म्हणजे जे लपवण्यासाठी वर्षभर खिशातून पैसे मोजले, तेच तुम्ही सुपरबिल अपलोड करून आपल्या हातांनी कंपनीला कळवता.

एक चोविशीतला मुलगा आमच्याकडे यायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "इन्शुरन्सला यातलं काही कळता कामा नये." मी त्याला सांगितलं, पूर्ण फी स्वतः भरलीस तर 'ही माहिती माझ्या प्लॅनला देऊ नका' असं आम्हाला लेखी कळवता येतं, आणि हिपा या आरोग्य माहितीच्या गुप्ततेच्या कायद्याप्रमाणे आम्हाला ते मानावं लागतं. त्याने लगेच सही केली. दर आठवड्याला कार्ड स्वाइप, सगळं सुरळीत. डिसेंबरात कुणा मित्राने त्याला सांगितलं, "अरे वेड्या, सुपरबिल टाक, साठ टक्के परत येतात!" झालं. सदतीस सेशनची सुपरबिलं त्याला त्याच दिवशी हवी होती. मी विचारलं, "नक्की ना?" "हो हो, नक्की." मीही कामात होते, काढून दिली.

पॉलिसी कुणाच्या नावावर आहे, हे मी विचारलं नाही. सव्वीस पूर्ण होईपर्यंत मुलांना आईवडिलांच्या प्लॅनवर राहता येतं, आणि हा वडिलांच्या प्लॅनवर होता. जानेवारीत क्लेमच्या हिशोबाचं पत्र, म्हणजे ईओबी, दुसऱ्या राज्यात वडिलांच्या घरी पोहोचलं. त्यात सदतीस तारखा आणि थेरपिस्टचं नाव. वडिलांनी फोन केला, आई मागून रडत होती. आणि पैसे किती आले? शून्य. सगळी रक्कम नेटवर्कबाहेरच्या डिडक्टिबलमध्ये, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी आपण स्वतः भरायच्या रकमेत, जिरली, आणि ते डिडक्टिबल नव्या वर्षात पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. तेव्हापासून सुपरबिल देण्याआधी मी विचारतेच: पॉलिसी कुणाची आणि ईओबी कुणाकडे जातं? उत्तर येताना जीभ अडखळली की मी सुपरबिल काढत नाही. "घरी जाऊन विचार कर, उद्या सांग," म्हणते. घाई असलेल्यांना मी खडूस वाटते. वाटू दे.

साठ टक्के, पण कशाचे?

फीचे नाहीत. कंपनी स्वतःच्या हिशोबाने सेशनची एक मान्य रक्कम ठरवते, तिचे. समजा फी १८० डॉलर आहे आणि मान्य रक्कम ९०. मग साठ टक्के म्हणजे ५४ डॉलर, तेही डिडक्टिबल पूर्ण झाल्यावर. वरचे ९० डॉलर तुमचेच, आणि ते वर्षाच्या कमाल खर्चाच्या मर्यादेतही मोजले जात नाहीत. प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ प्रकारचा असेल तर नेटवर्कबाहेर बहुधा काहीच मिळत नाही, पीपीओ, म्हणजे बाहेरच्यांचेही काही पैसे देणारा, असेल तर फोन करण्यात अर्थ आहे. फोनवर सेशनचा कोड सांगून नेमकी मान्य रक्कम विचारा, तारीख आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा. माझी त्यासाठी वेगळी वही आहे. लोक हसतात, आणि मार्चमध्ये तीच वही मागायला येतात.

बाकीच्या, थोडक्यात

"पन्नास मिनिटांचं सेशन होतं, पण ९०८३७ लिहा ना, त्याचे जास्त मिळतात." नाही. तो कोड ५३ मिनिटांपासून पुढे लागतो, पन्नास मिनिटांना ९०८३४. जोडप्याचं सेशन एकट्याच्या कोडवर दाखवा, असंही सांगू नका. त्याला सोय म्हणत नाहीत, खोटा क्लेम म्हणतात.

थेरपिस्ट तुमच्या नेटवर्कमध्येच असेल तर "राहू दे, मी कॅश देतो" हे दरवेळी चालेलच असं नाही. तिचा कंपनीशी करार असतो. आधी विचारा.

एचएसए किंवा एफएसए, म्हणजे उपचारांसाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायच्या खात्यांमधून, आजाराच्या उपचारासाठीची थेरपी भरता येते. पण तीच रक्कम इन्शुरन्सकडूनही घ्यायची नाही. आणि एफएसएचे पैसे उरले तर बुडू शकतात.

खर्चाचा अंदाज लेखी मागा. १ जानेवारी २०२२ पासून खिशातून भरणाऱ्यांचा तो हक्क आहे. बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वर गेलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते. हे मी बिलिंगवाली असून सांगतेय.

ऑफिसच्या ईएपीमधून, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या मदत योजनेतून, काही सेशन फुकट मिळतात का, तेही बघा. बऱ्याच लोकांना आपल्याला ईएपी आहे हेच माहीत नसतं.

हिशोब न करता उडी

उत्साहात दर आठवड्याचं सेशन ठरवायचं आणि दुसऱ्या महिन्याचं कार्डाचं बिल बघून गायब व्हायचं, हा नवशिक्यांचा ठरलेला प्रकार. थेरपिस्टला वाटतं आपलंच काही चुकलं, आणि मला मात्र खरं कारण माहीत असतं. १८० डॉलरने वर्षाची पन्नास सेशन म्हणजे ९,००० डॉलर. हा गुणाकार पहिल्या दिवशी करा. झेपत नसेल तर कमी फीचं तेव्हाच विचारा. बऱ्याच थेरपिस्ट काही जागा त्यासाठी राखून ठेवतात. पंधरा दिवसांनी एक सेशन चालेल का, हेही विचारता येतं. चार बिलं थकल्यावर विचारलंत तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

आणि सुपरबिलं दर महिन्याला मागा. क्लेम पाठवायची मुदत प्रत्येक प्लॅनची वेगळी असते, कुठे वर्षभर तर कुठे जेमतेम ९० दिवस. ३० डिसेंबरला संध्याकाळी "ताई, जानेवारीपासूनची सगळी पाठवता का?" असा मेसेज टाकलात, तर उत्तर २ जानेवारीला येईल.